मुले कमावती झाली. कुटुंबाच्या आरोग्यविम्याचे काय?

मुलाचा किंवा मुलीचा पहिला पगार घरात आला की देवापुढे पेढे ठेवले जातात. इतक्या वर्षांच्या कष्टांचे चीज झाले, असे समाधान आईवडिलांना वाटते आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच दिवशी घरातील कपाटात जपून ठेवलेल्या एका कागदाचा अर्थही बदललेला असतो, हे फार थोड्या कुटुंबांच्या ध्यानात येते. हा कागद म्हणजे कुटुंबाच्या आरोग्यविम्याचे विमापत्र होय. ज्या अपत्याचे नाव या विमापत्रात 'अवलंबित' म्हणून नोंदविलेले असते, ते अपत्य आता अवलंबित राहिलेले नसते. कंपनीकडे हप्ता मात्र पूर्वीप्रमाणेच भरला जातो आणि कुटुंब निर्धास्त असते. पुढे एखाद्या दिवशी रुग्णालयात दाखल होण्याची वेळ येते आणि मग विमापत्रातील बारीक अक्षरे वाचली जातात.

ही वेळ येऊ नये म्हणून सज्ञान अपत्ये, वृद्ध आईवडील व अन्य अवलंबित यांच्या बाबतीत कौटुंबिक आरोग्यविम्याचे नियम काय आहेत आणि कोणती काळजी केव्हा घ्यावी, याची माहिती प्रत्येक विमेदार कुटुंबाने करून घेणे अगत्याचे आहे.

मेडिक्लेमपासून कौटुंबिक विमापत्रापर्यंत

आपल्या देशात १९७३ साली सर्वसाधारण विम्याच्या व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. भारतीय सर्वसाधारण विमा निगम आणि तिच्या नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार कंपन्या यांच्याकडे हा व्यवसाय आला. या कंपन्यांनी १९८६ साली 'मेडिक्लेम' ही योजना सुरू केली आणि सामान्य मध्यमवर्गीय माणसाला रुग्णालयाच्या खर्चाचा विमा प्रथमच सहजपणे उपलब्ध झाला. पुढे १९९९ च्या कायद्यान्वये विमा विनियामक प्राधिकरण स्थापन झाले, हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले आणि योजनांची संख्या वाढत गेली.

आज बहुसंख्य कुटुंबे ज्या प्रकारचा विमा घेतात त्याला 'फॅमिली फ्लोटर' असे म्हणतात. यात प्रत्येकाची विमारक्कम वेगळी नसते. पाच लाख रुपयांचे विमापत्र असल्यास ते पाच लाख त्या वर्षात घरातील कोणाही एकाला किंवा सर्वांना मिळून वापरता येतात. हप्ता ठरविताना मुख्यतः घरातील सर्वात वडीलधाऱ्या व्यक्तीचे वय विचारात घेतले जाते. त्यामुळे तरुण पतिपत्नी आणि लहान मुले यांच्यासाठी हा प्रकार किफायतशीर ठरतो. मुले मोठी होऊ लागली आणि आईवडील पन्नाशीकडे झुकले की मात्र हिशेब बदलू लागतो.

'अवलंबित' कोणाला म्हणावे ?

बोलीभाषेत अवलंबित म्हणजे आपल्यावर विसंबून असलेला. विमापत्रात मात्र या शब्दाला ठराविक अर्थ दिलेला असतो आणि तोच अर्थ दाव्याच्या वेळी ग्राह्य धरला जातो. उदाहरणादाखल 'आरोग्य संजीवनी' हे विमापत्र पाहू. प्राधिकरणाने आखून दिलेले हे प्रमाणित विमापत्र १ एप्रिल २०२० पासून उपलब्ध झाले. निरनिराळ्या कंपन्यांकडे त्याच्या मुख्य अटी सारख्या असल्याने समजून घेण्यास ते सोयीचे आहे.

या विमापत्रानुसार कुटुंबात पती किंवा पत्नी, आईवडील, सासू-सासरे आणि अवलंबित अपत्ये यांचा समावेश होतो. अपत्य औरस असो वा कायदेशीररीत्या दत्तक घेतलेले असो, दोहोंना समान स्थान आहे. अपत्यासाठी वयाची मर्यादा तीन महिने ते पंचवीस वर्षे अशी आहे. याखेरीज आणखी एक अट आहे आणि तीच बहुधा नजरेतून निसटते. अठरा वर्षांवरील अपत्य आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी झाले असेल, तर त्यानंतरच्या नूतनीकरणात ते या विमापत्रास पात्र राहत नाही. अर्थात पंचविसावे वर्ष ही शेवटची सीमा झाली. बाविसाव्या वर्षी नोकरी लागलेल्या मुलासाठी ही सीमा तीन वर्षे आधीच येते.

अन्य योजनांच्या अटी कंपनीनिहाय भिन्न असतात. काहींत अपत्य अविवाहित असण्याचीही अट असते, तर काहींत स्वतंत्र विमारक्कम घेऊन सज्ञान अपत्याला त्याच विमापत्रात पुढेही राहता येते. म्हणून शेजाऱ्याच्या किंवा कार्यालयातील सहकाऱ्याच्या विमापत्रावरून आपला निष्कर्ष काढू नये. आपल्या विमापत्रातील 'व्याख्या' या भागात 'कुटुंब' आणि 'अवलंबित अपत्य' या शब्दांपुढे काय लिहिले आहे ते स्वतः वाचावे.

अन्य देशांत या प्रश्नाचा विचार वेगळ्या रीतीने झालेला आहे. अमेरिकेत २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने आईवडिलांच्या विम्यात अपत्याला सव्वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत राहण्याचा हक्क दिला. ते अपत्य विवाहित आहे की कमावते आहे, हे तेथे पाहिले जात नाही. ऑस्ट्रेलियात २०२१ पासून खाजगी विमा कंपन्यांना ही वयोमर्यादा एकतीस वर्षांपर्यंत वाढविण्याची मुभा मिळाली आणि दिव्यांग अवलंबितांच्या बाबतीत वयाची अट काढून टाकण्याचीही सोय झाली. आपल्याकडे असा सर्वांना लागू होणारा एकच नियम नाही. ज्याच्या त्याच्या विमापत्रातील अटच निर्णायक ठरते आणि म्हणूनच विमेदाराची जबाबदारी अधिक आहे.

सलगतेचे मोल

मुलगा कमावता झाला, आता तो स्वतःचा विमा स्वतः काढील, मग त्यात अडचण कोणती, असा प्रश्न कोणी विचारील. अडचण विमा मिळण्याची नसते. गेल्या अनेक वर्षांत मिळविलेले हक्क हातचे जाण्याचा धोका असतो.

आरोग्यविमा नव्याने घेतल्यावर सर्व आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळत नाही. अपघात वगळता पहिले तीस दिवस दावा करता येत नाही. हर्निया, मूळव्याध यांसारख्या काही ठराविक व्याधींसाठी साधारणतः दोन वर्षे थांबावे लागते. विमा घेण्यापूर्वीच जडलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त छत्तीस महिने इतका असू शकतो. तसेच साठ महिने सलग विमा चालू राहिल्यानंतर, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविली या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. ही सर्व वर्षे मोजली जातात ती सलग विम्याची. मध्ये खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

समजा, सांगलीतील एका दुकानदाराने २०१६ साली पत्नी आणि दोन मुलांसह कौटुंबिक विमा घेतला. थोरल्या मुलीला लहानपणापासून दम्याचा त्रास होता आणि तशी नोंद त्याने अर्जात प्रामाणिकपणे केली होती. प्रतीक्षाकाल यथावकाश संपला आणि दम्यासाठी तिला विम्याचे संरक्षण मिळू लागले. आता मुलीला पुण्यात नोकरी लागली. विमापत्राच्या अटीप्रमाणे पुढील नूतनीकरणात तिचे नाव वगळले जाणार. अशा वेळी दोन मार्ग संभवतात. वडिलांनी वेळेवर अर्ज करून तिला त्याच कंपनीच्या स्वतंत्र विमापत्रात नेले, तर दम्याचा प्रतीक्षाकाल पूर्ण झाल्याची नोंद तिच्याबरोबर जाते. याउलट नाव वगळले गेले, वर्ष-दीड वर्ष तसेच निघून गेले आणि मग तिने नवा विमा घेतला, तर दम्यासाठी तिला छत्तीस महिन्यांपर्यंत पुन्हा थांबावे लागू शकते. शिवाय नवी कंपनी जादा हप्ता मागू शकते, किंवा अर्ज नाकारूही शकते. दोन्ही मार्गांतील फरक एका अर्जाचा आणि काही आठवड्यांचा आहे. परिणाम मात्र अनेक वर्षांचे आहेत.

कौटुंबिक विमापत्रातील अपत्य वयोमर्यादेला पोहोचले असता त्याला योग्य त्या अन्य योजनेत जाण्याची संधी द्यावी आणि मागील सलग वर्षांचे श्रेय त्याला मिळावे, हे तत्त्व प्राधिकरणाने नियमांत मान्य केलेले आहे. या तत्त्वाचा लाभ अर्ज करणाऱ्याला मिळतो, हे ध्यानात ठेवावे.

वेळीच करावयाची कार्यवाही

त्याच कंपनीच्या दुसऱ्या योजनेत जाण्यास विमाव्यवहारात 'मायग्रेशन' आणि दुसऱ्या कंपनीकडे जाण्यास 'पोर्टेबिलिटी' असे म्हणतात. दुसरी सोय देशात १ ऑक्टोबर २०११ पासून उपलब्ध आहे. आरोग्य संजीवनीच्या अटींप्रमाणे पहिल्या प्रकारासाठी नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी किमान तीस दिवस आणि दुसऱ्यासाठी किमान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज करावयाचा असतो. व्यवहारात दोन महिने आधी तयारीला लागणे श्रेयस्कर. दुसरी कंपनी अर्ज स्वीकारीलच अशी खात्री नसते. म्हणून जुने संरक्षण चालू असतानाच अर्ज करावा आणि त्याच कंपनीत राहण्याचा मार्ग आधी चाचपून पाहावा.

अर्ज करताना तीन गोष्टी तपासाव्यात. मागील सर्व वर्षांची विमापत्रे, निदान पहिले आणि शेवटचे, हाताशी असावीत. कारण सलगतेचा पुरावा तेच असतात. नव्या विमापत्रात प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे विमा प्रथम केव्हा सुरू झाला ती तारीख योग्य नोंदविली आहे ना, हे पाहावे. तसेच मागील वर्षांचे श्रेय पूर्वीच्या विमारकमेपुरतेच मिळते, हेही समजून घ्यावे. तीन लाखांच्या विम्यावरून दहा लाखांच्या विम्यात गेल्यास वाढीव रकमेसाठी प्रतीक्षाकाल नव्याने मोजला जातो.

वार्षिक हप्ता देय तारखेस भरता आला नाही तर तीस दिवसांची सवलत असते. या मुदतीत नूतनीकरण केल्यास सलगता टिकते. परंतु आरोग्य संजीवनीच्या अटींनुसार या मधल्या दिवसांत उद्भवलेल्या आजाराला संरक्षण मिळत नाही. म्हणून या सवलतीवर विसंबून राहणे इष्ट नव्हे.

मुलगा नोकरीला लागल्याचे न कळविता त्याचे नाव तसेच चालू ठेवण्याकडे काही कुटुंबांचा कल असतो. हप्ता स्वीकारला गेला म्हणजे पात्रता मान्य झाली, असा त्यांचा समज असतो. हा समज धोक्याचा आहे. दाव्याच्या वेळी कंपनी पात्रतेविषयी विचारणा करू शकते आणि मग वाद निर्माण होतो. रुग्ण अत्यवस्थ असताना असा वाद कुटुंबाला परवडणारा नसतो.

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडील सर्वसाधारण आरोग्यविमा भारतातील उपचारांपुरता असतो. परदेशातील उपचारांसाठी विद्यार्थ्याला वेगळा विमा घ्यावा लागतो. तथापि विद्यार्थी अवलंबित आहे तोवर त्याचे नाव येथील विमापत्रातून कमी करू नये. तो परत येईल तेव्हा सलगता त्याच्या कामी येईल.

नोकरीतील सामूहिक विमा

नव्या नोकरीत मालकाने सामूहिक आरोग्यविमा दिला आहे, मग स्वतंत्र विमा कशाला, असेही विचारले जाते. सामूहिक विम्याचे लाभ चांगले असतात. अनेक ठिकाणी जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकालही नसतो. परंतु हा विमा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की तो संपतो आणि त्यावर नोंदविलेल्या आईवडिलांचे संरक्षणही त्याबरोबर जाते. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक योजनेत जाण्याची सोय नियमांत आहे. मात्र त्यासाठी संरक्षण संपण्यापूर्वी कंपनीशी संपर्क साधावा लागतो. तरुणाने सामूहिक विम्याच्या जोडीला स्वतःचा लहानसा विमा चालू ठेवला, तर नोकऱ्या बदलल्या तरी त्याची सलगता अबाधित राहते.

दिव्यांग आणि दीर्घकाल आजारी अपत्ये

काही अपत्ये पंचविशीनंतरही आईवडिलांवरच अवलंबून असतात. मतिमंदत्व, मेंदूचा पक्षाघात वा स्वमग्नता असलेल्या मुलाच्या आईवडिलांना, आपल्यामागे याचे कसे होणार, ही चिंता अहोरात्र असते. सर्वसाधारण विमापत्रात वयाची मर्यादा अशा अपत्यालाही लागू होऊ शकते. म्हणून विमा घेतानाच दिव्यांग अपत्यासाठी काही सूट आहे काय, हे लेखी विचारावे.

अशा कुटुंबांसाठी 'निरामय' ही योजना विशेष उपयुक्त आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासामार्फत ती राबविली जाते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविध दिव्यांगता असलेल्या व्यक्तींना या योजनेत एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. वयाची अट नाही आणि विमा देण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीही केली जात नाही. त्याचबरोबर २०२३ साली प्राधिकरणाने दिव्यांग, एचआयव्हीबाधित आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी विमा योजना उपलब्ध करण्याचे निर्देश सर्व कंपन्यांना दिले आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारावरील उपचारांना शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण देण्याचे बंधन घातले आहे. मुलाच्या आजाराला विमा नसतोच, असे गृहीत धरून बसलेल्या आईवडिलांनी या तरतुदींची चौकशी अवश्य करावी.

आईवडील आणि सासू-सासरे

मुले कमावती होतात त्याच सुमारास आईवडील साठीकडे झुकलेले असतात. एकाच विमापत्रात वृद्ध आईवडील, तरुण पतिपत्नी आणि नातवंडे या सर्वांना घेतल्यास वडीलधाऱ्यांच्या वयामुळे सर्वांचाच हप्ता वाढतो. शिवाय एकाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत सर्वांची विमारक्कम संपून जाण्याचा संभव असतो. म्हणून आईवडिलांसाठी स्वतंत्र विमापत्र ठेवणे बहुधा हितावह ठरते. प्रस्तावकाचा मृत्यू झाल्यास उरलेल्या व्यक्तींचे संरक्षण विमावर्ष संपेपर्यंत चालू राहते आणि त्यांना पुढे नूतनीकरणही करता येते, ही बाब घरातील सर्वांना माहीत असावी.

हप्त्याच्या भाराबाबत दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर रद्द करण्यात आला आहे. तसेच जुन्या करपद्धतीनुसार आयकर भरणाऱ्यास स्वतः, पती वा पत्नी आणि अवलंबित अपत्ये यांच्या हप्त्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. आईवडिलांसाठी भरलेल्या हप्त्यावर २५,००० रुपये आणि ते ज्येष्ठ नागरिक असल्यास ५०,००० रुपयांपर्यंत वेगळी वजावट मिळते. हप्ता रोखीने भरल्यास मात्र ही सवलत नाही. कमावत्या अपत्याचा हप्ता वडिलांनी भरला तर त्यांना त्यावर वजावट घेता येत नाही. पण त्याच अपत्याने आईवडिलांचा हप्ता भरला तर त्याला ती मिळते.

शासकीय योजनांचा आधार

खाजगी विमा ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, त्यांनी शासकीय योजनांकडे दुर्लक्ष करू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रतिवर्षी प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा आणि ती राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. येथे अपत्याचे वय किंवा नोकरी पाहिली जात नाही, तर शिधापत्रिकेतील नाव पाहिले जाते. म्हणून मुलगा शहरात राहावयास गेला तरी त्याचे नाव कोणत्या ना कोणत्या शिधापत्रिकेत राहील, याची दक्षता घ्यावी. सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळाले आहे. खाजगी विमा असलेले वृद्धही त्यास पात्र आहेत.

तक्रार कोठे करावी ?

अपात्रतेचे कारण देऊन दावा नाकारला गेल्यास प्रथम ते कारण लेखी मागून घ्यावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागावी. तेथे समाधान न झाल्यास प्राधिकरणाच्या 'विमा भरोसा' या व्यवस्थेकडे १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. विमा लोकपालांची कार्यालये आपल्या राज्यात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत. त्यांच्याकडे पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी दाखल करता येतात आणि त्यासाठी वकिलाची आवश्यकता नसते.

तक्रारीची वेळच येऊ नये, हे अधिक चांगले. त्यासाठी फार काही करावे लागत नाही. आज घरी गेल्यावर विमापत्र काढावे. त्यातील प्रत्येक अपत्याची जन्मतारीख, नूतनीकरणाची तारीख आणि अवलंबित या शब्दाची व्याख्या एका कागदावर लिहून काढावी. मुलाचे पंचविसावे वर्ष किंवा त्याची पहिली नोकरी, यांपैकी जे आधी येईल त्यानंतर येणाऱ्या नूतनीकरणाच्या दोन महिने आधीच्या तारखेवर दिनदर्शिकेत खूण करून ठेवावी आणि ही गोष्ट मुलालाही सांगावी. मुलाच्या नावावर आपण काही रक्कम ठेवली असेल वा नसेल. परंतु त्याच्या नावे सलग विम्याची जी वर्षे साठली आहेत, ती त्याच्या हाती सुखरूप सोपविणे हे प्रत्येक कुटुंबाला शक्य आहे.